पावसाच्या वहीतली कोरी जागा

चार-पाच वर्षांपूर्वीची गोष्ट. फेब्रुवारी सरत आला होता, आंब्याला कणी धरली होती आणि एका रात्री अवेळी पाऊस झाला. पावसाळ्याच्या हिशेबाने तो काहीच नव्हता. पत्र्यावर वाजला आणि तासाभरात थांबला. पण मोहोरावरचा पाऊस लहान असला तरी पुरतो. पुढच्या काही दिवसांत मोहोर काळा पडला, कणी गळाली. आमच्या शेजारच्या बागायतदारांनी हवामानावर आधारित फळपीक विमा उतरवला होता. पावसाळ्यात भरपाईची यादी लागली तेव्हा त्यांच्या मंडळाला त्या पावसाचे काहीच मिळालेले नव्हते. संदर्भ हवामान केंद्रावर त्या रात्री ठरलेल्या मर्यादेएवढा पाऊस नोंदलाच गेला नव्हता.

ते माझ्याकडे आले. कसालच्या तिठ्यापासून थोडे आत माझे घर आहे. शाळेतून निवृत्त होण्याच्या आधीपासून मी अंगणात पर्जन्यमापक ठेवतो, हे वाडीला ठाऊक आहे.

"मास्तरांनू, तुमची पावसाची वही काढा बघू. त्या रात्री पाऊस पडलो होतो काय नाय, ता त्यात असतलाच."

मी वही काढली. जून ते ऑक्टोबर एकेक दिवस भरलेला. पुढे नोव्हेंबर ते मे कोरे पान. दसरा झाला की मी मापक धुऊन पडवीत ठेवत असे आणि मिरगाला पुन्हा बाहेर काढत असे. शेजाऱ्यांनी पान उलटून पाहिले, वही मिटली आणि म्हणाले, "पाऊस माझ्या बागेत पडलो, पन कागदार काय पडूक नाय."

हा लेख त्या कोऱ्या पानातून निघाला आहे. पाऊस मोजणे म्हणजे नेमके काय, मोजलेला आकडा दुसऱ्याच्या उपयोगी कधी पडतो आणि तो एकमेकांना देण्याची व्यवस्था कशी उभी राहिली, हे समजून घ्यायला मला निवृत्तीनंतरची वर्षे लागली. अठरा वर्षे मी पाऊस मोजत होतो, पण मी नोंद ठेवत होतो असे मात्र म्हणता येणार नाही.

*

आधी शेजाऱ्यांच्या तक्रारीचे मूळ पाहू. संदर्भ केंद्र खोटे बोलत होते का? तसे असायचे कारण नाही. पाऊस मुळातच असमान पडतो. २६ जुलै २००५ चा मुंबईचा पाऊस सगळ्यांना आठवतो. त्या चोवीस तासांत सांताक्रूझच्या वेधशाळेत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि त्याच शहरात, त्याच वेळी, कुलाब्याला जेमतेम ७३. दोन्ही आकडे खरे. मुंबईत त्या दिवशी फक्त कुलाब्याचेच मापक असते, तर कागदोपत्री तो एक साधारण पावसाळी दिवस ठरला असता.

आमच्या सिंधुदुर्गात तर जमिनीचा उतारच पावसाला असमान करतो. समुद्रावरून आलेले ढग सह्याद्रीला धडकून वर चढतात, वर थंड होतात आणि रिकामे होतात. जिल्ह्यात पावसाळ्याचे चार महिने मिळून साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस होतो असे आपण म्हणतो. पण आंबोलीत वर्षाची सरासरी सात हजारांच्या वर जाते. किनाऱ्यापासून घाटमाथ्यापर्यंतच्या पन्नास-साठ किलोमीटरांत हा सगळा फरक सामावलेला आहे. कसाल त्या दोहोंच्या मधे. इथून मालवणची एस.टी. पकडली की कट्ट्यापर्यंत धो धो आणि चौक्याला रस्ता कोरडा, हा अनुभव इथल्या प्रत्येकाने घेतला आहे. अवेळी पाऊस तर याहून लहरी. तो गडगडाटी ढगातून येतो आणि असा ढग काही किलोमीटरच्या पट्ट्यात पडून मोकळा होतो.

भारतीय हवामान विभागाच्या पुण्यातील कार्यालयाने १९०१ पासूनच्या देशाच्या दैनंदिन पावसाची एक चौकटबंद आकडेवारी तयार केली आहे. देशभरच्या ६,९५५ केंद्रांच्या नोंदी गोळा करून, तपासून, नकाशावर पाव अंशाचे चौकोन आखून प्रत्येक चौकोनाला रोजचा एक आकडा दिलेला आहे. ही आकडेवारी कोणालाही उतरवून घेता येते. अतिशय मोलाचे काम आहे ते; दुष्काळाचा आणि पुराचा अभ्यास त्यावर चालतो. पण त्या चौकोनाची एक बाजू सुमारे २७ किलोमीटर असते. कसालहून मालवणच्या किनाऱ्यापर्यंतचे सरळ अंतर त्याहून जास्त नाही. तेव्हा देशाचा पावसाळा त्यात नीट दिसतो. एका बागेवरची एक रात्र दिसत नाही. ती दिसायला हवी असेल, तर मापके जवळजवळ हवीत आणि त्यांचे आकडे एका जागी यायला हवेत.

*

हे 'एका जागी येणे' वाटते तितके जुने नाही. आपल्याकडे पाऊस मोजण्यापेक्षा पावसाचा स्वभाव सांगण्याची परंपरा मोठी. तरणा पाऊस, म्हातारा पाऊस, नक्षत्राचे वाहन कोल्हा की बेडूक, हे आजही माझ्या घरात दरवर्षी पंचांग उघडून पाहिले जाते. ते शेतीच्या कामांचे वेळापत्रक म्हणून उत्तम आहे. पण गेल्या वर्षीचा पुष्य आणि यंदाचा पुष्य यांची तुलना करायची तर आकडा लागतो.

मुंबईची कुलाबा वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ साली उभारली आणि १८४१ पासून तिथे हवामानाच्या आणि पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नियमित नोंदी सुरू झाल्या. पुढे लोकमान्य टिळकांचे गुरू म्हणून आपल्याला माहीत असलेले गणिती केरो लक्ष्मण छत्रे तरुणपणी याच वेधशाळेत काम करीत होते. ठरल्या वेळी उठून उपकरण वाचायचे आणि आकडा लिहायचा, हे काम दिसायला कारकुनी. पण एका मोठ्या मराठी गणितज्ञाची सुरुवात त्यातून झाली, हे मी विद्यार्थ्यांना मुद्दाम सांगत असे.

तरीही एक वेधशाळा म्हणजे एक बिंदू. १८६४ मध्ये कलकत्त्याला भीषण चक्रीवादळ झाले, त्यानंतर १८६६ आणि १८७१ मध्ये पावसाने दगा दिला आणि दुष्काळ पडले. ठिकठिकाणच्या नोंदी एकत्र असत्या तर काही आधी कळले असते, हे तेव्हा सरकारच्या लक्षात आले आणि १८७५ मध्ये भारतीय हवामान विभाग स्थापन झाला. २०२५ मध्ये त्याला दीडशे वर्षे झाली. तारायंत्र नसते तर या विभागाला फारसा अर्थ राहिला नसता. सकाळी वाचलेला आकडा दुपारपर्यंत दुसऱ्या शहरी पोहोचला तरच त्यावरून उद्याबद्दल काही बोलता येते. आठवड्याने टपालाने पोहोचला तर तो इतिहास.

सरकारी यंत्रणेइतकेच हौशी लोकांनीही हे काम उभे केले आहे. आपल्या तहसील कचेऱ्यांत दीर्घकाळ वापरात असलेल्या मापकाला सायमन्सचे पर्जन्यमापक म्हणतात. हे जॉर्ज जेम्स सायमन्स म्हणजे इंग्लंडमधले एक चिकाटीचे गृहस्थ. १८६० मध्ये त्यांनी १६८ ठिकाणांच्या पावसाच्या नोंदी जमवून छापल्या. पाद्री, डॉक्टर, शिक्षक, जमीनदार अशा माणसांना ते पत्रे लिहीत, मापक कसे लावायचे ते समजावीत आणि दरवर्षी सगळ्यांचे आकडे प्रसिद्ध करीत. १९०० मध्ये ते वारले तेव्हा नोंदी पाठवणारी ठिकाणे तीन हजारांच्या वर गेली होती. कोणालाही त्यासाठी पगार नव्हता. आपला आकडा इतरांच्या शेजारी छापलेला दिसतो, एवढाच मोबदला.

*

आता मापकाकडे येऊ. तत्त्व इतके सोपे की सहावीच्या मुलाला कळते. सपाट जमिनीवर पडलेले पाणी वाहून गेले नाही, मुरले नाही, आटले नाही, तर जेवढे उंच साचेल तेवढा पाऊस. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी. म्हणून मापकाच्या तोंडाचे क्षेत्रफळ नक्की माहीत हवे. शंभर चौरस सेंटिमीटर तोंडाच्या मापकात एक मिलिमीटर पावसाचे दहा मिलिलिटर पाणी जमते. आत दोन लिटरची बाटली असेल तर ती २०० मिलिमीटरला भरते आणि पुढचा पाऊस बाहेर वाहून जातो. हवामान विभाग दिवसात २०४.४ मिलिमीटरच्या वर गेलेल्या पावसाला 'अत्यंत जोरदार' म्हणतो. म्हणजे देशावर चालणारी बाटली कोकणात नेमक्या महत्त्वाच्या दिवशी कमी पडते.

तोंडाची कड जमिनीपासून साधारण ३० सेंटिमीटर वर हवी, नाहीतर चिखलाचे शिंतोडे आत उडतात. फार उंच ठेवले तर वारा थेंब पळवतो. झाड किंवा भिंत जितकी उंच, तिच्या निदान दुप्पट अंतर सोडायला हवे. हे वाचले तेव्हा मी अंगणात जाऊन उभा राहिलो. माझे मापक माडापासून चार पावलांवर होते. अठरा वर्षे मी पावसाबरोबर माडाच्या झावळ्यांची मर्जीही मोजत होतो.

तिसरी गोष्ट वेळेची. देशभर पाऊस सकाळी साडेआठला मोजतात आणि आदल्या चोवीस तासांचा सगळा पाऊस मोजल्याच्या तारखेला लिहितात. शनिवारी रात्री दहाला कोसळलेला पाऊस रविवारच्या खात्यात जातो. शेतकरी 'शनिवारी पडला' म्हणतो, तक्ता शनिवारी शून्य दाखवतो आणि भांडण सुरू होते. अनेकदा दोघेही खरे असतात.

चौथी गोष्ट एककाची, आणि ती मला माझ्या आबांनी शिकवली. त्यांच्या पेटीत जुन्या दैनंदिन्या सापडल्या. जमाखर्च, लावणीचे गडी, कोणाच्या घरी बारसे, आणि मधूनमधून 'पाऊस २', 'पाऊस ३॥' असे आकडे. मी हरखलो. पन्नास-साठ वर्षांपूर्वीचा कसालचा पाऊस! पण दोन म्हणजे काय? एका वर्षानंतर आकडे एकदम मोठे झालेले दिसत होते. भोळेपणाने आलेख काढला असता तर त्या वर्षी आमच्या गावचे हवामान बदलले असा शोध लागला असता. खरे कारण आईने सांगितले. आबा सरळ बाजूंचा पत्र्याचा डबा उघड्यावर ठेवून त्यात पट्टी बुडवीत. डब्याच्या बाजू सरळ असल्या तर तोंड केवढेही असो, पाण्याची उंची हाच पाऊस. इथवर आबा बरोबर होते. पण आधीची पट्टी इंचांची होती. मी शाळेत जाऊ लागल्यावर घरात सेंटिमीटरची पट्टी आली आणि आबांनी बाजू बदलली. वहीत तसे कुठेच लिहिलेले नाही. आई नसती तर ते आकडे कायमचे मुके राहिले असते.

आणि शेवटची गोष्ट, त्या फेब्रुवारीने शिकवलेली. कोरी जागा आणि शून्य यांत फरक आहे. शून्य म्हणजे 'मी सकाळी साडेआठला पाहिले, पाऊस नव्हता.' कोरी जागा म्हणजे 'मी पाहिले नाही.' दोन महिने रोज शून्य लिहिणाऱ्याच्या वहीत एके दिवशी सहा मिलिमीटर लिहिलेले असतील, तर त्या सहाला वजन येते. आधीमागे सगळेच कोरे असेल तर तो सहा कुठून आला, असे कोणीही विचारील. शून्य लिहिणे कंटाळवाणे खरे. पण बाकीच्या आकड्यांची साक्ष तेच देतात.

*

अशा गावपातळीवरच्या वह्यांनी प्रत्यक्षात काही साधते का? दोन उदाहरणे देतो. अमेरिकेत कोलोराडो राज्यातील फोर्ट कॉलिन्स या शहरात २८ जुलै १९९७ च्या रात्री पुरात पाच माणसे गेली. शहराच्या एका भागात पावसाने कहर केला होता, दुसऱ्या भागात फारसे काही नव्हते, आणि कोठे किती कोसळते आहे हे सांगायला पुरेशी मापके नव्हती. पुढच्याच वर्षी तिथल्या विद्यापीठातील हवामानतज्ज्ञांनी घरोघरच्या लोकांना एकाच प्रकारचे साधे मापक देऊन नोंदी गोळा करायला सुरुवात केली. आज ते जाळे अमेरिकाभर आणि बाहेरही पसरले आहे. लोकांचे आकडे हवामान खातेही वापरते. त्या उपक्रमाचा एक आग्रह मला फार आवडला: पाऊस नसेल त्या दिवशीही शून्य कळवा.

दुसरे उदाहरण आपल्याच सह्याद्रीतले. केरळच्या वायनाडमध्ये ह्यूम सेंटर ही संस्था दोनशेहून अधिक मापकांवरून रोजचा पाऊस जमवते. नोंदी घेणाऱ्यांत शेतकरी आणि मळेवाले आहेत. ३० जुलै २०२४ च्या पहाटे मुंडक्कई आणि चूरलमला ही गावे दरडीखाली गेली, दोनशेहून अधिक माणसे दगावली. त्या डोंगरातल्या पावसाचे आकडे पाहून संस्थेने आदल्या दिवशीच जिल्हा प्रशासनाला धोका कळवला होता. म्हणजे मोजणे झाले, जमवणे झाले, सांगणेही झाले. सांगितलेले वेळेत कृतीपर्यंत पोहोचले नाही. नोंदींची साखळी शेवटच्या कडीइतकीच मजबूत असते, हे त्या पहाटेने फार महागात शिकवले.

आपल्याकडेही यंत्रणा वाढते आहे. महाराष्ट्रात महसूल मंडळांच्या पातळीवर दोन हजारांहून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रे उभी आहेत. आता ग्रामपंचायतीपर्यंत स्वयंचलित पर्जन्यमापक नेण्याची केंद्र सरकारची योजना आहे. पावसाळ्यात जिल्हा प्रशासन तालुकावार पाऊस रोज जाहीर करते. मुळद्याच्या उद्यानविद्या महाविद्यालयातून आंबा-काजूच्या बागायतदारांसाठी हवामानाचा सल्ला निघतो. हे सगळे हवेच. पण यंत्रालाही माणूस लागतो. स्वयंचलित मापकात पाणी एका लहान झुलत्या पळीत पडते. ती भरली की कलंडते आणि यंत्र कलंडण्या मोजते. तोंडाशी पाचोळा अडकला, कोळ्याने जाळे केले, तर पाणी झिरपत राहते आणि यंत्र विनातक्रार कमी आकडा पाठवते. जवळ एखादे हातमापक असेल तर विसंगती दिसते, आणि दिसली की कोणीतरी जाऊन जाळी साफ करू शकते. फळपीक विम्यात गारपिटीसारखा अपवाद सोडला तर बागेचा पंचनामा होत नाही, केंद्राच्या आकड्यावरच सगळे ठरते. तेव्हा त्या आकड्याला शेजार असणे ही चैन नव्हे.

*

त्या वर्षी मी मापक माडापासून दूर मोकळ्या खळ्यात हलवले. वहीच्या पहिल्या पानावर लिहिले: जागा, मापकाचा प्रकार, तोंडाचे क्षेत्रफळ, वाचनाची वेळ, एकक, कोण वाचतो. मापक हलवल्याची तारीखही लिहिली, कारण त्याआधीचे आणि नंतरचे आकडे एका ओळीत ठेवताना पुढच्या माणसाला ते कळायला हवे. परगावी गेलो तर सूनबाई वाचते आणि पुढे तिची सही करते. कोणीच नसेल तर दोन दिवसांचे पाणी एकत्र मोजून 'दोन दिवसांचे मिळून' असे लिहितो. अंदाजाने वाटणी करीत नाही. हळूहळू तिठ्यापासून मालवण रस्त्याला पाच घरी मापके लागली. रोज सकाळी नऊपर्यंत सगळे आकडे मोबाइलवर एकमेकांना जातात आणि महिन्याच्या शेवटी एका तक्त्यात उतरतात. पहिल्या पावसाळ्यातच दिसले की एकाच सकाळी दोन टोकांचे आकडे कधी दुपटीने वेगळे असतात.

पुढे त्याचे फळ मिळाले. मे २०२५ च्या तिसऱ्या आठवड्यात पाऊस सुरू झाला आणि २५ मे रोजी मॉन्सून देवगडपर्यंत आल्याचे हवामान विभागाने जाहीर केले. माझी जुनी सवय असती तर मापक तेव्हा पडवीत, कोळ्याच्या जाळ्यात असते. गंमत म्हणजे मॉन्सूनचा पाऊस जून ते सप्टेंबर असा मोजतात. त्यामुळे मे महिन्यात बरसलेला पाऊस पावसाळी बेरजेत येतच नाही. ज्याच्याकडे फक्त हंगामाची बेरीज आहे, त्याला ते वर्ष अर्धवट दिसेल. ज्याच्याकडे रोजचा आकडा आहे, तो हवी तशी बेरीज करू शकतो. म्हणून नोंद रोजची हवी आणि मूळची हवी.

आणि ती वाटलेली हवी. २०२० च्या टाळेबंदीत इंग्लंडमधील रेडिंग विद्यापीठाच्या एड हॉकिन्स यांनी जुन्या हस्तलिखित पावसाच्या तक्त्यांची छायाचित्रे लोकांपुढे ठेवली. सोळा हजार स्वयंसेवकांनी सोळा दिवसांत बावन्न लाख आकडे संगणकावर उतरवले. १८५५ हे ब्रिटनमधले सर्वांत कोरडे वर्ष, हे त्यातून नव्याने कळले. आकडे दीडशे वर्षांहून अधिक काळ कागदावर होतेच. कपाटात होते, एवढेच.

आपल्या कपाटांत काय असेल? शाळांच्या भूगोलाच्या खोल्यांत, मठांच्या दप्तरांत, खोतांच्या बाडांत, एखाद्या तलाठ्याच्या घरी राहिलेल्या डायरीत पाऊस असणार. वाचकांपैकी कोणाकडे अशी वही असेल तर आधी तिची छायाचित्रे काढावीत आणि घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला विचारून घ्यावे: कशात मोजत, केव्हा मोजत, इंचांत की मिलिमीटरमध्ये. ही उत्तरे माणसाबरोबर जातात, वहीबरोबर राहत नाहीत.

शेजाऱ्यांना त्या वर्षीची भरपाई मिळाली नाही. माझी वही असती तरी मिळाली असतीच असे नाही. विम्याच्या करारात संदर्भ केंद्राचाच आकडा चालतो. पण केंद्र तपासा असा अर्ज करताना हातात काहीतरी असते. आता पाच मापकांपैकी एक त्यांच्या बागेत आहे. नोव्हेंबरपासून मेपर्यंतचे त्यांचे पान मी मुद्दाम पाहिले. एकाखाली एक शून्ये, प्रत्येकापुढे सही.